नवीन गाडीला बाहेरून काम केलं तर वॉरंटी नेमकी कशाची जाते?

रंकाळ्याचा_वारा

मंडळी, टर्बो पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही बुक केलीय. मधलं व्हेरियंट, मॅन्युअल गिअर, डिलिव्हरी पुढच्या आठवड्यात. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी.

करायचं आहे ते असं: १७ इंची अलॉय (कंपनीचे १६ इंची स्टीलचे आहेत, टायर २१५/६० आर १६), हेडलाईटला एलईडी, पिवळे फॉग (पावसाळ्यात गगनबावडा आणि आंबा घाट असतोच), डॅशकॅम पार्किंग मोडसकट, सीट कव्हर, सबवूफर, आणि पुढं सवडीनं रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची फाईल बदलून ताकद वाढवणं).

शोरूमवाला म्हणतोय, बाहेर एक वायर जरी जोडली तरी अख्खी वॉरंटी गेली, सगळं आमच्याकडूनच करा. उद्यमनगरातला वायरमन म्हणतोय, काय होत नाही, कपलर टू कपलर देतो, म्हणजे मूळ वायर न कापता, निम्म्या पैशात. दोघांचंही पोट त्याच्यावर आहे, म्हणून इथं विचारतोय. कशाला हात लावला तर काय जातं, हे कुणी नीट सांगेल का?

रिले_८७

शोरूमवाला निम्मंच खरं बोलतोय. एका वायरनं इंजिनची वॉरंटी जात नाही. पण तुझ्या गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत 'वॉरंटीत न येणाऱ्या गोष्टी' असं जे पान असतं ते आधी वाच. भाषा साधारण दोन तऱ्हेची असते. एक, बदललेला भाग आणि त्या बदलामुळं बिघडलेला भाग वॉरंटीबाहेर. दुसरी जास्त कडक, मूळ वायरिंग कापलं किंवा जोडलं तर सगळी इलेक्ट्रिकल सिस्टीमच बाहेर. दुसरी असेल तर दोन फॉग लॅम्पच्या नादात अल्टरनेटर, स्टार्टर, बीसीएम (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर) सगळ्यावर पाणी. पुस्तिका डिलिव्हरीनंतर हातात पडते, त्याआधी मागून घे.

आता एकेक.

हेडलाईट. एच४ हॅलोजन म्हणजे ६०/५५ वॅट, एका बल्बला ५ अँपिअरच्या आसपास. नव्या गाड्यांत हा करंट बहुधा बीसीएममधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून जातो आणि बीसीएम तो मोजत असतो. २५ वॅटचा एलईडी लावला की करंट २ अँपिअरवर येतो, बीसीएमला वाटतं बल्ब उडाला, मग लाईट फडफडतो नाहीतर मीटरवर दिवा येतो. त्यावर वायरमन लोड रेझिस्टर टाकतो, म्हणजे जादा करंट खाऊन बीसीएमला फसवणारा तुकडा. तो इतका तापतो की प्लॅस्टिकला चिकटवला तर प्लॅस्टिक वितळतं. उलट बाजूला १००/९० वॅटचा बल्ब टाकला तर ८ अँपिअरच्या वर करंट, होल्डर पिवळा पडून पिना जळतात. दोन्हीकडं बीसीएमचा क्लेम आला की सर्व्हिसवाला पहिल्यांदा बल्ब काढून बघतो. शिवाय हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंट ठरावीक जागी धरून बनवलेला असतो. त्यात एलईडीचा उजेड नुसता फाकतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि रस्त्यावर कमी पडतो. माझं मत, हेडलाईटला हात लावू नको. चांगल्या कंपनीचा त्याच वॅटचा जास्त उजेडाचा हॅलोजन मिळतो, तो घाल.

फॉग लॅम्प. इथं मात्र करता येतं, आणि घाटासाठी करावंच. ५५ वॅटचे दोन म्हणजे ११० वॅट, सुमारे ९ अँपिअर. ४ पिनी रिले (छोट्या करंटच्या स्विचनं मोठा करंट चालू-बंद करणारा डबा) वापरायचा. ३० नंबरची पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये १५ अँपिअरचा वॉटरप्रूफ फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ८७ वरून लॅम्पला, वायर २.५ चौ. मिमी. ८५ अर्थला. ८६ ला स्विचची वायर, ०.७५ चौ. मिमी पुरते. स्विचचा पॉझिटिव्ह कुठून घेतो तिथं खरा घोळ होतो. बहुतेक वायरमन पार्किंग लाईटची वायर सोलून घेतात. ती बीसीएमची वायर. ती नको. फ्यूज बॉक्समधला इग्निशनवर चालू होणारा फ्यूज काढून तिथं फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून एक जादा वायर काढून देणारा जोड) लाव, त्यातून घे. मूळ वायर अखंड राहते आणि उद्या फ्यूज टॅप उपसून घेतला की गाडी होती तशी. रिले डायोडवाला घे, कॉइल बंद होताना उलटा झटका मारते तो डायोड खातो.

आणि ते निळे चिमटे मिळतात ना, वायरवर दाबून बसवायचे, ते अजिबात वापरू देऊ नको. आपल्याकडच्या पावसात एका सीझनमध्ये तांबं हिरवं पडतं आणि पाणी इन्सुलेशनच्या आतून केशिकेसारखं सरकत पुढच्या कपलरपर्यंत जातं. बीसीएमच्या कपलरमध्ये हिरवी पिन दिसली की क्लेम खलास, मग मूळ बिघाड दुसराच का असेना. केबिनमध्ये वायर नेताना फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटमधून न्यायची आणि बाहेरच्या बाजूला वायरला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथंच गळून पडतं.

डॅशकॅम. पार्किंग मोडमध्ये २५० मिलिअँपिअर धरले तरी २४ तासांत ६ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत अर्धी. लो-व्होल्टेज कटऑफ असलेलं हार्डवायर किट घे आणि कटऑफ १२.२ व्होल्टवर ठेव. बॅटरीची वॉरंटी गाडीवाल्याची नसते, बॅटरी बनवणाऱ्याची असते, आणि तो डीप डिस्चार्ज टेस्टरवर लगेच ओळखतो. वायर ए-पिलरमधून (पुढच्या काचेशेजारच्या खांबातून) नेताना कर्टन एअरबॅगच्या मागून जायला हवी, पुढून गेली तर बॅग उघडताना वायर आडवी येते. पिवळा कपलर किंवा पिवळं स्लीव्ह दिसलं की ते एअरबॅगचं. तिथं टेस्ट लॅम्प तर लांबच, बोटसुद्धा लावू नये.

सीट कव्हरचंही तेच. साईड एअरबॅग सीटच्या बाहेरच्या शिवणीतून फुटते. त्या बाजूला कमजोर शिवण ठेवलेलं, एअरबॅगसाठीचं कव्हरच घे. नाहीतर वॉरंटीचा विषय राहू दे, बॅगच वेळेवर बाहेर यायची नाही.

सबवूफर. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा चौकोनी सेन्सर असेल तर ॲम्पचा अर्थ बॅटरीच्या खांबाला देऊ नको, बॉडीला दे. खांबाला दिला की तो करंट सेन्सरला चुकवून जातो, चार्जिंगचा हिशेब बिघडतो, स्टार्ट-स्टॉप बंद पडतं, आणि मग लोक कंपनीला शिव्या घालतात.

गोल_चाक

अलॉयचं मी सांगतो, रिलेभाऊंनी ते सोडलंय.

२१५/६० आर १६ चा बाहेरचा व्यास ६६४ मिमी. १७ इंचीवर २१५/५५ घेतला तर ६६८, म्हणजे फरक एक टक्क्याच्याही आत. चालतंय. दुकानदार २२५/६० आर १७ घाला म्हणेल, गाडी उंच दिसते म्हणून. तो ७०२ होतो, साडेपाच टक्क्यांनी मोठा. मीटरवर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ च्या वर असते, एबीएस आणि ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) हिशेब हलतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या लायनरला घासतो. दोन-तीन टक्क्यांच्या पुढं जाऊ नये.

त्यापेक्षा सोपं म्हणजे तुझ्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी कुठला साईझ देते ते बघ. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बहुधा दोन्ही साईझ हवेच्या दाबासह छापलेले असतात. तोच साईझ, तीच रिमची रुंदी, तोच ऑफसेट घेतला तर सस्पेन्शनच्या क्लेमला बोट दाखवायला जागाच राहत नाही.

ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी लांब ते, दुकानात कुणी विचारत नाही, पण बेअरिंग त्यानंच जातं. मूळ रिम ६.५ इंच रुंद, ऑफसेट ४५ आहे असं धर, आणि तू घेतलंस ७ इंची, ऑफसेट ३८. ऑफसेटमुळं ७ मिमी आणि अर्धा इंच रुंदीतला निम्मा वाटा ६ मिमी, चाकाची बाहेरची कड १३ मिमी बाहेर आली. पुढं खड्ड्यात बेअरिंग घूं घूं करायला लागलं की सर्व्हिस ॲडव्हायझर रिमच्या मागच्या बाजूला कोरलेला आकडा वाचून फोटो काढतो. आकडा समोर असल्यावर वाद घालणार कशावर? स्पेसर (चाक बाहेर काढायला मध्ये घालतात ती चकती) लावलेला असेल तर विचारायचंच नाही.

मधलं भोकही बघ. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना ७३.१ मिमीचं भोक असतं, गाडीच्या हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) माप त्याहून लहान. मध्ये योग्य मापाची हब रिंग नसेल तर ९०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग कितीही करा, जात नाही. नट अलॉयचे वेगळे लागतात, बैठक जुळली पाहिजे, आणि टॉर्क रेंचनंच आवळायचे. एअर गनवर सोडून देऊ नका.

टायरची वॉरंटी टायर कंपनीची. गाडीचा त्याच्याशी संबंध नाही.

नादखुळा

भावा एवढं काय टेन्शन घेतोयस. रीमॅप कर बिनधास्त, सर्व्हिसच्या आदल्या दिवशी परत स्टॉक (कंपनीची मूळ) फाईल टाकायची. कुणाच्या बापाला कळत नाही. नाहीतर ट्यूनिंग बॉक्स लाव, दहा मिनिटांत निघतोय.

बूस्ट_गेज

@नादखुळा, कळतंय. बऱ्याच ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरात) फ्लॅश काउंटर असतो. फाईल किती वेळा लिहिली गेली तो आकडा आत राहतो, स्टॉक परत टाकली तर आकडा आणखी एकानं वाढतो. कंपनीच्या नोंदीत एकदाही अपडेट नाही आणि ईसीयू म्हणतोय दोनदा लिहिलं गेलं, मग पुढं काय बोलणार? आणि रीमॅप चालू असताना टर्बो गेला तर स्टॉक फाईल टाकायला वेळ कोण देतो? गाडी टोइंगवर थेट वर्कशॉपला जाते. तिथं स्कॅनर लावला की कॅलिब्रेशनचा पडताळणी क्रमांक कंपनीच्या क्रमांकाशी जुळत नाही.

ट्यूनिंग बॉक्स ईसीयूत काही लिहीत नाही हे खरं. तो सेन्सरचा आकडा खोटा दाखवून बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवून घेतो. पण फॉल्ट पडला की ईसीयू त्या क्षणाचे आकडे साठवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात ते. आरपीएम, लोड, हवेचा दाब, तापमान. दाखवलेल्या बूस्टच्या मानानं हवा आणि इंधन जास्त दिसलं की कंपनीचा माणूस ओळखतो.

या सगळ्या यादीत इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी खरोखर घालवणारी गोष्ट हीच एक. आणि इथं कंपनी नाकारते ते योग्यच आहे. टॉर्क २०-३० टक्क्यांनी वाढवला की मॅन्युअल गाडीत आधी क्लच घसरतो, मग टर्बो आणि पिस्टनवर ताण. कंपनीनं तो क्लच त्या टॉर्कसाठी दिलेलाच नव्हता. वॉरंटी संपेपर्यंत थांब, नाहीतर क्लच-टर्बोचे पैसे बाजूला काढून ठेव. तिसरा रस्ता नाही.

एअर फिल्टरचं एक, तेल लावलेला फिल्टर वापरून तेल जास्त झालं तर एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं. सेन्सरचा क्लेम गेला. फायदा म्हणाल तर आवाजाचा.

रंकाळ्याचा_वारा

सगळ्यांचे आभार. रीमॅप आणि हेडलाईट यादीतून काढले. आता दोन शंका. शोरूममधून ॲक्सेसरीज घेतल्या तर वॉरंटी पक्की ना? आणि उद्या क्लेम नाकारलाच तर करायचं काय? कायद्यात काही आहे का?

कागद_आणि_कलम

पहिली शंका आधी. 'शोरूममध्ये बसवलं' आणि 'कंपनीची ॲक्सेसरी' हे एकच नव्हे. कित्येक डीलर बाहेरच्या बाजारातलाच माल आणून त्याच बाहेरच्या वायरमनकडून बसवून घेतात. बिल बघायचं. कंपनीच्या ॲक्सेसरीला पार्ट नंबर असतो आणि टॅक्स इनव्हॉइसवर तो छापून येतो. नुसतं 'फॉग लॅम्प सेट' किंवा 'ॲक्सेसरीज पॅक' असं लिहिलं असेल तर त्याची जबाबदारी डीलरची, कंपनीची असेलच असं नाही. पार्ट नंबर, गाडीचा चासी नंबर आणि 'आमच्याकडे बसवले' हे तिन्ही एका बिलावर घ्या. ॲक्सेसरीची वॉरंटी गाडीइतकी असतेच असंही नाही, तेही विचारा.

आता कायदा. बदल केला म्हणून वॉरंटी आपोआप रद्द होत नाही, असं थेट सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. इंटरनेटवर लोक अमेरिकेतला कायदा सांगतात, तो इथं उपयोगाचा नाही. आपल्याकडे वॉरंटी म्हणजे पुस्तिकेतला करार, आणि त्याच्या मागे ग्राहक संरक्षण कायदा २०१९.

एक आदेश मात्र माहीत असावा. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला, दंड सुमारे २,५४५ कोटींचा. त्यात एक निर्देश असा होता की बाहेरच्या गॅरेजला काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात आणि हायकोर्टात गेल्या. शिवाय तो आदेश दुरुस्तीबद्दल आहे, मॉडिफिकेशनबद्दल नाही. तेव्हा काउंटरवर तो फडकवून काम होणार नाही. पण तक्रार लिहिताना 'बिघाड आणि बदल यांचा संबंध दाखवा' हा मुद्दा त्याच धर्तीवर मांडता येतो.

क्लेम नाकारला तर:

जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'गाडी चेक करणे' असं मोघम नको. 'थंड इंजिनला स्टार्ट होताना पहिल्या १० सेकंदांत खडखड' असं हवं.

नकार तोंडी घेऊ नका. कुठल्या भागाचा क्लेम, पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली, आणि कुठल्या बदलामुळं हा भाग बिघडला, या तीन गोष्टी लेखी किंवा ईमेलवर मागा. इथंच बरेच नकार गळून पडतात, कारण फॉग लॅम्पमुळं एसीचा कॉम्प्रेसर गेला हे कागदावर लिहायची कुणाची हिंमत होत नाही.

डीलरच्या वर कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर असतो. गाडी त्यानं बघावी अशी मागणी करा आणि कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्या. तोवर सुटा केलेला भाग कुठं जाऊ देऊ नका. स्वतःच्या पैशानं बदलून घ्यायची वेळ आली तर जुना भाग आणि स्कॅन रिपोर्ट ताब्यात घ्या. तोच पुरावा.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५. तिथंही हललं नाही तर नोटीस देऊन जिल्हा ग्राहक आयोग, कोल्हापुरातच आहे. गाडीसाठी तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. कलम ३८ खाली आयोग सदोष भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून वर म्हटलं की भाग हातचा सोडू नका.

वॉरंटीपलीकडचं एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच कायम केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलायचा किंवा सीएनजी किट बसवायचं तर आरटीओकडून आरसीवर नोंद लागते. आणि समोरचा लोखंडी गार्ड, जो आपल्याकडं हौसेनं लावतात, त्यावर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्यात. धडकेचा मार थेट चासीवर जातो आणि एअरबॅगचं टायमिंग चुकतं.

रिले_८७

कागदवाल्या साहेबांच्या यादीत इन्शुरन्स राहिला. अलॉय, सबवूफर, फॉग यांची बिलं विमा कंपनीला देऊन पॉलिसीत चढवून घे. इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीसाठी आयएमटी २४ हे कलम, जुन्या टॅरिफनं किमतीच्या ४ टक्के. ४०,००० च्या मालाला वर्षाला १,६०० अधिक जीएसटी. न चढवता शॉर्टसर्किट झालं तर ॲक्सेसरीचे पैसे नाहीतच, वर सर्व्हेअर वायरिंगवर बोट ठेवतो.

रंकाळ्याचा_वारा

बरं. एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ का मग? आणि शोरूमवाला अंडरबॉडी कोटिंग पण गळ्यात मारतोय.

कागद_आणि_कलम

एक्स्टेंडेडचा करार वेगळा असतो, कधी कंपनीचा, कधी विमा कंपनीचा. बदलाबाबतचं कलम मूळ वॉरंटीपेक्षा कडक असू शकतं. ब्रोशर नको, अटींचा कागद मागा. फॉग आणि सबवूफर बसवणार असाल तर त्यावर नावानिशी ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते, दर थोडा वाढतो एवढंच.

गोल_चाक

कोटिंग नको. नव्या बॉडीला कारखान्यातच ईडी कोट (गंज रोखणारा थर) असतो, खाली पीव्हीसीचा थर असतो. वरून डांबरासारखा थर मारताना दाराच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) खालची पाणी जायची भोकं बुजतात. मग पाणी आत साठून आतून गंजतंय, आणि गंजाच्या वॉरंटीला तेच कारण दाखवतात. आधीच मारून ठेवलं असेल तर डिलिव्हरीला लिफ्टवर चढवून सिलची भोकं, सायलेन्सर, ऑक्सिजन सेन्सरचा कपलर आणि ब्रेकच्या पाइपांचे क्लिप एकदा बघून घे. भोक बुजलेलं दिसलं तर तिथल्या तिथं काढून द्यायला लाव, गाडी बाहेर काढू नको.